कंपायलरमधला विंडोज-लिनक्सचा कोड: इफडेफ की वेगळे फोल्डर?

ऐरोलीकर:
महापेच्या ऑफिसात आम्ही चौघं जण एक छोटा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला चालेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम, सांभाळतो. लिनक्सवर सगळं ठीक, पण विंडोजवर तयार झालेली फाइल जागेवर ठेवताना तो मरत होता. शोधण्यात दोन दिवस गेले. जुनी फाइल मेमरीत मॅप केलेली (थेट मेमरीसारखी वाचता येईल अशी जोडलेली) असताना लिनक्स तिच्यावर नवी फाइल खुशाल रीनेम करू देतं. विंडोज देत नाही, आधी मॅपिंग सोडावं लागतं. ती ओळ आमच्याकडे होती, पण सातव्या इफडेफच्या, म्हणजे 'अमुक सिस्टिम असेल तरच हा कोड घे' या सूचनेच्या, पोटात. लिनक्ससाठी कुणीतरी क्रम बदलला आणि ती रीनेमच्या खाली गेली.

म्हणून माझं ठाम मत: ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारा कोड एकाच ठिकाणी कोंडून ठेवावा. एलएलव्हीएम या कंपायलर बनवायच्या मुक्त प्रकल्पाची सपोर्ट लायब्ररी बघा. फाइल सिस्टिमचं हेडर (कोणती फंक्शनं आहेत ते सांगणारी फाइल) सगळ्यांना एकच. अंमलबजावणीच्या फाइलीत सामाईक कोड, आणि त्यातच 'युनिक्स' किंवा 'विंडोज' फोल्डरमधली आयएनसी फाइल (दुसऱ्या फाइलीत जशीच्या तशी घालायचा कोडचा तुकडा) आत ओढली जाते. पार्सरला, म्हणजे कोडची रचना वाचणाऱ्या भागाला, खाली कोणती सिस्टिम आहे हे कळायचं कारणच नाही. विंडोजचं मुख्य हेडर सगळीकडे पसरलं की त्यातले मिन आणि मॅक्स हे मॅक्रो (कंपाइल होण्याआधी मजकूर बदलणारी नावं) सी++च्या मिन-मॅक्सवर चढून बसतात, हे भोगलेले लोक इथे असतीलच.

कळवा_नाका:
भोगलंय, तरी असहमत. तुमचा बग फोल्डर वेगळे करून टळला असता का? युनिक्सची फाइल दुरुस्त करणाऱ्याने विंडोजची उघडलीही नसती. इफडेफमध्ये निदान दोन्ही बाजू एकाच स्क्रीनवर दिसतात.

आणि 'युनिक्स' म्हणजे तरी एक कुठे आहे? चालू प्रोग्रॅम स्वतः डिस्कवर कुठे आहे, हे लिनक्स प्रोक या चालू प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या फाइल सिस्टिममधून सांगतं, मॅकवर त्यासाठी वेगळंच फंक्शन. एलएलव्हीएमच्या त्या युनिक्स फोल्डरमध्येही अ‍ॅपल, लिनक्स, बीएसडीसाठी इफडेफ आहेतच. खोली झाडून कचरा कपाटात ठेवलात.

ऐरोलीकर:
दादा, कपाट एकच असेल तर मला चालेल. आज आमच्याकडे तो प्रत्येक खोलीत आहे.

पण तुमच्या मुद्द्यामुळे खरी चूक लक्षात आली. आम्ही फंक्शनला नाव दिलं होतं 'रीनेम', म्हणजे लिनक्सची कृतीच. एलएलव्हीएममध्ये तात्पुरत्या फाइलीसाठी 'टेम्पफाइल' क्लास आहे, त्याला फक्त 'कीप' किंवा 'डिस्कार्ड' सांगायचं. हेतू वर, क्रम खाली. विंडोजला काय आधी लागतं ते विंडोजच्या फाइलीने बघावं.

वाशी_खाडी:
ऐरोलीकरांशी बरीचशी सहमत, पण आयएनसी नको. ती फाइल एकटी कंपाइल होत नाही, एडिटरला तिच्यातलं निम्मं समजत नाही. गो भाषेत फाइलीच्या नावाच्या शेवटी विंडोज किंवा लिनक्स लिहिलं की ती फक्त त्याच सिस्टिमच्या बिल्डमध्ये येते. आपण सीमेकला, म्हणजे बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाला, सांगून योग्य ती सीपीपी (सी++ कोडची) फाइल निवडावी.

शिवाय सगळंच लपवायला जाऊ नका. लिनक्सवर मॅपिंगची सुरुवात पेजच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) पटीत चालते, इंटेलवर ४ केबी. विंडोजला ६४ केबीची पट लागते. हे लपवलंत तर मोठ्या फाइलींवर कुठेतरी आपटणार. एलएलव्हीएम इथे 'अलाइनमेंट', म्हणजे ही पट किती, ते विचारायचं फंक्शन उघड देतं. मला ते फार आवडतं.

कळवा_नाका:
ताईंचा ६४ केबीचा मुद्दा मान्य. पण प्रत्येक बदलावर दोन्हीकडे बिल्ड होत नसेल, तर वेगळी फाइल म्हणजे कुणी न उघडलेली फाइल. ते होईपर्यंत मी इफडेफ सोडणार नाही.

ऐरोलीकर:
रास्त अट आहे. मिनजीडब्ल्यू या विंडोजसाठी कंपाइल करणाऱ्या साधनाने लिनक्सवरूनच विंडोजचं बिल्ड होतं, ते सोमवारी लावतो. रीनेमसारखी चूक मात्र चालवल्याशिवाय कळत नाही, तेव्हा टेस्टसाठी एक विंडोजचं मशीन मागावंच लागेल.