मदत हवी आहे: एआय टूल आलं, आता रिव्ह्यूचं काय करायचं?

आमची नऊ जणांची सॉफ्टवेअर टीम. दोन महिन्यांपूर्वी कोपायलट (कोड लिहून देणारं एआय टूल) सुरू केलं. ज्युनियर मंडळी खूश आहेत, पण पुल रिक्वेस्ट (मुख्य कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंत्या) आता पाचशे-सहाशे ओळींच्या येतात आणि रिव्ह्यू करणारे आम्ही तिघेच. परवा एकात सगळ्या टेस्ट हिरव्या. नीट पाहिलं तर कॅच ब्लॉक (एरर आली तर काय करायचं ते लिहायची जागा) रिकामा, एरर आतल्या आत गिळलेली! विचारलं तर उत्तर आलं, "ते कोपायलटनेच लिहिलंय."

बरं, वेग वाढलाय असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. एमईटीआर या एआयची चाचणी करणाऱ्या संस्थेच्या २०२५ मधल्या प्रयोगात १६ अनुभवी डेव्हलपरना एआय वापरून आपण २० टक्के वेगवान झालो असं वाटलं, प्रत्यक्षात वेळ १९ टक्के जास्त लागला. (ते लोक स्वतःच्या ओळखीच्या, मोठ्या कोडबेसवर काम करत होते, हे मान्य.) वरून मात्र "वापर किती झाला" एवढंच विचारतात.

कोणी पुल रिक्वेस्टच्या आकारावर मर्यादा घातली आहे का? रेपोमध्ये (प्रोजेक्टचा कोड जिथे ठेवतो तिथे) टूलसाठी सूचनांची फाइल ठेवून खरंच फरक पडतो का? आणि "स्वतः समजावून सांगता येत नसेल तर मर्ज नाही (म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा नाही)" हा नियम ज्युनियरना न दुखावता कसा लावलात?