अनुभव धागा: वादातल्या पळवाटा

लग्नाच्या मांडवात, कापसाच्या जिनिंगच्या रांगेत, भुसावळहून सुटलेल्या पॅसेंजरमध्ये आपल्याकडे वादाला तोटा नाही. आवाजालाही नाही. पण त्यातलं पटण्यासारखं काय होतं आणि नुसतंच गळ्यात काय मारलं, हे बहुतेकदा घरी आल्यावर सुचतं. जुन्या न्यायशास्त्राने हेत्वाभासाचे, म्हणजे वरवर पटणाऱ्या पण फसव्या कारणाचे, पाच प्रकार सांगितलेत आणि छल, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेणं, वेगळा. एकजण म्हणतो, 'हा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा लगेच, 'नऊ कुठे? एकच तर दिसते!' असे अनुभव लिहा. घरचे, वावरातले, बाजारातले. राजकारण नको, नाहीतर धागा दिवाळीपर्यंत चालेल.

केळीवाला, रावेर
पावसाळ्यात आमच्या शिवारात केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग आला. शेजारच्या आप्पांनी कुठलंसं टॉनिक फवारलं, पंधरवड्यात नवी पानं बऱ्यापैकी स्वच्छ निघाली. झालं, गावभर टॉनिकचा डंका! कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच. या विषाणूवर फवारून बरं करणारं औषध नाही. तो मावा या किडीमुळे पसरतो, म्हणून रोगट झाडं उपटून नष्ट करायची, मावा आटोक्यात ठेवायचा, जवळ काकडी-भोपळा लावायचा नाही. ढगाळ, दमट हवेत लक्षणं जोर धरतात, ऊन तापलं की दबतात. आणि त्या पंधरवड्यात आभाळ उघडलं होतं. मी आप्पांना विचारलं, "न फवारलेल्या ओळी कशा आहेत?" त्यांनी सगळंच फवारलेलं. माझ्याकडे काहीच फवारलेलं नव्हतं, तरी नवी पानं तशीच निघाली होती. आप्पा म्हणाले, "तुझ्याकडे वाऱ्यानं आलं असंल टॉनिक."

कपाशी, धुळे तालुका
शितावरून भाताची परीक्षा ही म्हण खेडा खरेदीवाल्यांनी, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी, पाठ केलेली असते. भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून तिथे शीत चालतं. ट्रॅक्टरमधला कापूस चार वेचण्यांचा असतो. वरचा सकाळी दवात वेचलेला, खालचा आठवडाभर ओसरीवर वाळलेला. व्यापारी वरून मूठभर काढतो, दाबतो, "ओला आहे" म्हणतो आणि भाव पाडतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव आणि पुढे १२ पर्यंत कपात असते, म्हणजे एका मुठीवर बरेच पैसे फिरतात. मी आता म्हणतो, भाऊ, चार जागेहून काढा, तळातूनही काढा. चिडतात, पण काढतात.

भुसावळकर ताई
भाचीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मोठे मामा सुरू झाले: "आज होस्टेल, उद्या नोकरी, परवा म्हणेल लग्न माझ्या पसंतीनं, मग परदेश, मग आई-बापाला पाणी कोण देईल?" प्रवेशपत्र अजून टेबलावर आणि इकडे आई-बाप तहानलेले! माझ्या सासूबाईंनी वाद घातलाच नाही. एकेक पायरी विचारत गेल्या. होस्टेलला राहिलेल्या सगळ्या पोरी परदेशी गेल्या का? गेलेल्यांपैकी किती जणींनी आई-बाप सोडले? आणि तुमचा मुलगा तर जळगावातच आहे ना, तो पाणी देतो का? शेवटचा प्रश्न तर्काच्या हिशेबात बसत नाही, मला मान्य आहे. पण तोच लागला.

शिरपूर
वडील तंबाखू मळता मळता मुलाला सांगतात, "हे खाऊ नको." मुलगा म्हणतो, "तुम्ही खाता ना?" घरात सगळे हसले, मुलगा जिंकला. तंबाखू तेवढीच वाईट राहिली.

पारोळा
"जुन्या धाब्याच्या, मातीच्या सपाट छताच्या घरांना बघा, शंभर वर्षं झाली तरी उभी. आताचं सिमेंट वीस वर्षांत गळतं." बरोबर, उभी आहेत तीच बघणार ना! पावसात खचली त्यांच्या जागी प्लॉट पडलेत. धाबं उन्हाळ्यात थंड असतं, हे मात्र खरं, त्यासाठी शंभर वर्षांची साक्ष लागत नाही.

अमळनेरचा वाचक
थोडा विरोध नोंदवतो. आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, म्हणून असेल, पण इथे नावं ठेवण्याची हौस जुनी. पुतण्या आता प्रत्येक वादात "हा व्यक्तिगत हल्ला!" म्हणून ओरडतो. परवा भाऊ म्हणाला, "कृषी केंद्रवाला हेच बियाणं का सुचवतो? कमिशन बघ त्याचं." पुतण्याने लगेच शिट्टी वाजवली. पण दुकानदाराने युक्तिवाद केलाच नव्हता, नुसता "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हणाला होता. विश्वास मागणाऱ्याचा स्वार्थ विचारणं रास्तच आहे. त्याने उगवणीचे, उताऱ्याचे आकडे ठेवले असते तर आकडे तपासायचे, कमिशन बाजूला. आणि कारण चुकीचं दिलं म्हणून बियाणं वाईट ठरत नाही, हेही पुतण्याला सांगून पाहिलं. "तुम्ही त्यांचीच बाजू घेणार," म्हणाला.

यावल
केळीवाल्या भाऊंना एक प्रश्न. तुमची बाग आणि आप्पांची बाग एकाच महिन्यात लावलेली का? रोपं एकाच ठिकाणची? नाहीतर तुमची तुलनाही लंगडीच.

केळीवाला, रावेर
लागवड एकाच आठवड्यातली, रोपं एकाच गाडीतून आलेली. पाणी मात्र त्यांचं जास्त. यंदा मधल्या दोन ओळी सोडून फवारा म्हटलंय, आप्पा "बघू" म्हणालेत.