मूळ वेगळं, पान वेगळं

अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए हे संयुग कर्करोगाच्या पेशी मारतं, म्हणून रोज चमचाभर अश्वगंधा चूर्ण घ्यावं, असा सल्ला दिला जातो. पहिला भाग खरा, पण तो मुख्यतः प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि उंदरांपुरता. शिवाय हे संयुग पानांत जास्त सापडतं, आपलं चूर्ण मुळांचं. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना बजावलं होतं. तरी अश्वगंधेचा 'अर्क' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये नेमकं काय भरलंय हे लेबल नीट वाचल्याशिवाय कळत नाही (आणि वाचतो कोण!).

ताणाबाबत पुरावा जरा बरा आहे. २०१२ च्या भारतीय चाचणीत ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळांचा अर्क ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला, बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) दोन्ही लक्षणीय उतरलं. पण ६४ माणसं म्हणजे काहीच नाही, आणि दोन महिन्यांच्या चाचणीवरून वर्षानुवर्षं घेण्याचा सल्ला कसा देणार?

यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, मुख्यतः कावीळ आणि खाज. थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात नकोच.