‘वाटप’, ‘वितरण’ की ‘विभागणी’? बालरुग्णालयांच्या अनुदानासंबंधी

प्रश्न : बालकांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांना शासकीय अनुदान कोणत्या निकषावर मिळावे, याविषयी नाशिकमधील आमच्या गटातर्फे एक टिपण तयार करीत आहे. त्यात ‘अनुदानाचे वाटप’ लिहावे की ‘वितरण’, यावर एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : दोन्ही शब्द योग्यच आहेत, परंतु ‘वितरण’ हा शेवटचा टप्पा आहे. अर्थसंकल्पात रक्कम राखून ठेवली जाते ती ‘तरतूद’, जिल्हा वार्षिक योजनेत खर्चासाठी ठरवून दिलेली रक्कम म्हणजे ‘नियतव्यय’, आणि प्रत्यक्ष निधी कार्यालयाच्या हाती येतो ते ‘वितरण’. हे सर्व आकडे ‘वाटप’ या एकाच शब्दाखाली घातले, तर पैसा नवजात शिशू कक्षापर्यंत पोहोचला की कागदावरच राहिला, हे वाचकाला कळणार नाही.

‘वाटप’ या शब्दाबद्दल मात्र अधिक लिहावेसे वाटते. खाऊवाटप, वह्यावाटप, प्रसादवाटप या प्रयोगांत देणारा ठळक असतो आणि प्रत्येकाच्या हाती सारखेच पडावे, अशी अपेक्षा असते. ‘वाटणी’त आणि ‘वाट्या’त घेणाऱ्याचा हक्क असतो. (न्यायालयात ‘वाटपाचा दावा’ दाखल होतो हे खरे, तरी घरात भाऊ ‘माझी वाटणी’ असेच म्हणतो.) राष्ट्रीय आरोग्य अभियानातील केंद्राच्या 60 व राज्याच्या 40 टक्क्यांनाही आपण ‘वाटा’च म्हणतो. रुग्णालयांना सारखी रक्कम देणे न्याय्य नाही, कारण पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाची गरज वेगळी आणि जिथे अत्यवस्थ अर्भके दूरदूरून आणली जातात त्या जिल्हा रुग्णालयाची वेगळी. म्हणून निकष सांगताना ‘गरजेनुसार विभागणी’ लिहावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो. आर्थिक वर्षअखेर, म्हणजे 31 मार्चपूर्वी, न वापरलेला निधी शासनाला परत केला जातो, त्यास कार्यालयीन मराठीत ‘समर्पित निधी’ म्हणतात. सामान्य वाचक त्याचा अर्थ नेमका उलट, म्हणजे ‘बालकांसाठी अर्पण केलेला’, असा घेईल. टिपणात ‘परत गेलेला अखर्चित निधी’ असेच स्पष्ट लिहावे.