ओवी, बोली, लिपी आणि हातातला मोबाइल : आपले अनुभव लिहावेत

घरची बोली, गाणी किंवा जुने कागद समाजमाध्यमांवर ठेवताना आपल्या हातून काय राखले गेले आणि काय निसटले, हे विशेषतः तरुण वाचकांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करते; माझ्यानंतर आणखी दोघांचे अनुभव आहेत.

आजी जात्यावर ओव्या म्हणत असताना मी बारा मिनिटांचे चित्रण केले आणि त्यातले चाळीस सेकंद पार्श्वसंगीत जोडून रील म्हणून टाकले. रील हजारोंनी पाहिले. मूळ चित्रण मात्र मोबाइल बिघडला तेव्हा गेले. ओवी अर्ध्यावर सोडून आजी तळहाताने पीठ सारायची आणि मग पुन्हा खुंटा धरून तोच सूर उचलायची. तो थांबा मला कंटाळवाणा वाटला होता, म्हणून मी तो कापला. आजी आता नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतल्या अनेक आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव वाचले, तेव्हा माझ्या रीलवर आजीचे नावसुद्धा नव्हते, हे फार लागले.

* * *

मी धुळ्याचा. वसतिगृहात ‘आहे’ऐवजी ‘शे’ तोंडून गेले की मुले हसत, त्यामुळे दोन वर्षे मी घरच्या फोनवरही प्रमाण मराठीच बोललो. पुढे माझ्याच वयाच्या मुलांचे अहिराणी व्हिडिओ पाहिले आणि आईशी पुन्हा अहिराणीत बोलू लागलो. तरीही खंत आहे : मला दिसणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत आमची बोली हसवण्यापुरतीच येते. शेतीचे, आजारपणाचे, शिक्षणाचे गंभीर बोलणेही तिच्यात व्हायला हवे.

* * *

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलवर अक्षरे दाखवण्याच्या जागतिक प्रणालीत, जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी २०१४ साली आली, पण माझ्या मोबाइलवर त्या अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. म्हणून आमच्या मोडीच्या व्हॉट्सॲप गटात सगळे कागदांची छायाचित्रेच पाठवतात आणि महिन्याभराने त्यातला एखादा शब्द शोधू म्हटले तर सापडत नाही. तरी याच गटामुळे आमच्या पेटीतले जुने कर्जखत वाचता आले. एका ताईंनी अक्षर न् अक्षर लावून दिले. पणजोबांच्या नावाशेजारी सहीऐवजी ‘निशाणी नांगर’ होती. मी ते वडिलांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला आणि त्या नांगरावरून बोट फिरवत बराच वेळ बसून राहिले.