बटईने कपाशी लावणाऱ्याचं नाव नोंदवायचं कुठे?

बोरीकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दहावीपर्यंत एका वर्गात शिकलेले चौघं. रविवारी दिवेलागणीला गावच्या पारावर बसतो. एक जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, हिशेब लिहितो, एक हायस्कूलला भूगोल शिकवतो, एकाची घरची कोरडवाहू शेती आहे आणि मी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात ऑनलाइन कामांचं केंद्र चालवतो. विषयाला बंधन नाही. पंपाला दिवसा वीज का मिळत नाही इथपासून एआय आल्यावर जिनिंगमध्ये कारकून लागेल का इथपर्यंत सगळं निघतं. दिवाळीपासून मात्र आम्ही एकाच प्रश्नावर अडून बसलोय, म्हणून इथे विचारतो.

२०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० होता. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आमच्याकडे खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन माल घेणारे व्यापारी, सात हजाराच्या आसपासच घुटमळत राहिले. त्यामुळे सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदी केंद्राकडे सगळ्यांचे डोळे. तिथे माल द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करायची, आधार द्यायचं, जमिनीचा उतारा आणि पीकपेरा जोडायचा, मंजुरी आली की तारीख घ्यायची आणि मग गाडी भरायची. पैसे आधार जोडलेल्या खात्यात. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की माल घेत नाहीत, पण ते निदान सगळ्यांना सारखं.

आता ज्यांच्यामुळे हे लिहितोय त्यांच्याविषयी. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. स्वतःची जमीन नाही. नाशिकला राहणाऱ्या एका मालकाची पाच एकर ते निमबटईने करतात. बियाणं, खत, फवारणीचा खर्च अर्धा-अर्धा. वखरणी, निंदणी, राखण सगळी नानांच्या घरच्यांची. कापूस निम्मा-निम्मा. नानांनी माझ्या टेबलावर पिशवी उपडी केली. बियाण्याची रिकामी पाकिटं, कृषी केंद्राच्या पावत्या आणि एक शाळकरी वही. वहीत वेचणीला आलेल्या बायकांची नावं, कुणी कोणत्या दिवशी किती किलो वेचला, कुणाला किती उचल दिली. नानांच्या सुनेचं अक्षर, एका रेषेत. ही कपाशी नानांनी पिकवली याचा याहून पक्का पुरावा मला तरी सुचत नाही. ॲपला त्यातला एकही कागद नको होता. त्याला उतारा हवा होता आणि उताऱ्यावर नाव मालकाचं.

“जमीन मनी नही भाऊ, पन कपाशी ते मीच लायेल शे ना,” नाना म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मालकाच्या नावावर का नाही विकला, असं कुणी विचारेल. मालक देईलही बिचारा कागद. पण त्याचं जे खातं आधारला जोडलेलं आहे त्याच बँकेत त्याचं पीककर्ज थकलेलं. रक्कम आली आणि बँकेने अडवली तर नानांनी हिस्सा कुणाकडे मागायचा? शेवटी नानांनी आपल्या वाट्याचा कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने दिला. पाच एकरांत वीस क्विंटल धरा, नानांचे दहा. क्विंटलमागे हजाराचा फरक म्हणजे दहा हजार रुपये. व्यापाऱ्याने वजनात कट्टी कापली ती वेगळी. दहा हजारांत त्यांच्या घरचा किती महिन्यांचा किराणा होतो ते मला माहीत आहे.

आमचा भूगोलवाला म्हणाला, आता उपग्रहावरून कपाशी कुठली आणि मका कुठला ते ओळखू येतं, मग एवढं का अडावं? अडतं ते पुढे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे, म्हणजे शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तिथलं ठिकाण आपोआप नोंदलं जातं. नानांच्या शेतातला फोटो नानांच्या पोराने काढला, रेंज मिळावी म्हणून बांधावर चढून. नोंद मालकाच्या गटावर, मालकाच्या नावाने. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तोही जमिनीवरच मिळतो. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार मालकाला. अतिवृष्टीची मदत मालकाला. नाना शेतकरी आहेत हे कुठल्याच यादीत नाही.

माझा प्रश्न असा. ‘जमीन कुणाची’ आणि ‘या हंगामातलं पीक कुणाचं’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवता येणार नाहीत का? सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एक रकाना वाढवायचा, एवढंच. मग अडचण नेमकी कुठे आहे? दुसऱ्या कुठल्या राज्यात असं कुणी केलंय का?

पारोळेकर_सध्या_पुण्यात

बोरीकाठभाऊ, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. वडील गेले, मी इथे कंपनीत. पारोळ्याकडची आमची सहा एकर एक भाऊ बटईने करतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बोलणं होतं आणि तेवढ्यावर वर्ष निघतं. मी पैसे आले त्याच दिवशी त्यांचा हिस्सा पाठवतो.

तरी त्यांचं नाव कुठल्याही सरकारी नोंदीत टाकायला मी आज तयार नाही, हे स्पष्ट सांगतो. घरात आजोबांपासून एकच धास्ती ऐकत आलोय: कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल. आमच्याच भाऊबंदांची जमीन कुळकायद्यात गेली, ती बातमी आमच्याकडे अजून कालची असल्यासारखी सांगतात. वडिलांनी सालदारी करून एकेक बिघा जोडला. तो रकाना सॉफ्टवेअरमध्ये फुकट असेल, माझ्यासाठी त्याची किंमत सहा एकर आहे. मला कायद्याने खात्री द्या, मी उद्या सही करतो.

जुनं_दप्तर

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो, म्हणून थोडं लिहितो.

पारोळेकरांची धास्ती निराधार नाही. खान्देश तेव्हा मुंबई प्रांतात होता, त्यामुळे इथे १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा लागू झाला. विदर्भाचा वेगळा, मराठवाड्याचा हैदराबादचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला. लोकांना वाटतं तो विषय तिथे संपला. नाही संपला. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानावा, असं कलम ४ आजही सांगतं. घरचा माणूस किंवा मजुरीवरचा गडी त्यातून वगळलेला आहे. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही जमीन विकत घेण्याचा मार्ग त्या कायद्यात आहे. म्हणून बटई तोंडी ठेवायची, दरवर्षी शेत फिरवायचं, कागदावर बटईदाराला गडी दाखवायचं, या सगळ्या रीती त्यातून आल्या. ज्याच्यासाठी कायदा केला त्यालाच पुढच्या पिढीत लपून राहावं लागलं, हे मी नोकरीभर पाहिलं आणि मला त्याचा त्रास व्हायचा.

स्टॅम्पपेपरवर “बटईदार जमिनीवर हक्क सांगणार नाही” असं लिहून घेतलं की काम झालं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कायद्याने दिलेला हक्क दोघांच्या करारातल्या एका ओळीने जात नाही. बोरीकाठ म्हणतात तो रकाना हवा असेल तर आधी विधिमंडळाने कायदा बदलायला हवा. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याच्या कायद्याचा नमुना सगळ्या राज्यांसाठी तयार केला होता. मालकाची मालकी अबाधित आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, नुकसानभरपाई, असं त्याचं सूत्र. तो वाचा, मुद्देसूद आहे.

पीकविम्याला आपल्याकडे भाडेपट्ट्याने करणारा पात्र असतो, पण करार नोंदणीकृत लागतो. मालक दुय्यम निबंधकाकडे कशाला येईल? तेव्हा तो दरवाजा कागदावरच उघडा.

गुंटूरवाला_भाऊ

मूळ धरणगावचा, कापसाच्या कामानिमित्त बरीच वर्षं गुंटूरकडे. इकडे आंध्रात २०११ ला एक कायदा झाला होता, तो जाऊन २०१९ ला नवीन आला. त्यात पीक करणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं. त्या कार्डाने जमिनीवर कसलाच हक्क तयार होत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. कार्ड दाखवून कर्ज, विमा, मदत मागता येते.

पण हुरळून जाऊ नका. कार्डाला मालकाची संमती लागते आणि इथेही मालक सही द्यायला कांकू करतात. माझ्या ओळखीतले कितीतरी कसणारे कार्डाविनाच आहेत. शेजारी तेलंगणात २०१८ पासून एकरी मदत सुरू झाली ती पट्टेदाराला, म्हणजे जमीनमालकालाच, कसणारा बाहेर. म्हणजे नुसता कायदा करून भागत नाही, सही दिल्याने मालकाचं काही भलं होईल अशी तरतूद लागते.

चोपड्याची_माहेरवाशीण

तुम्ही सगळे मालक आणि बटईदार अशा दोन माणसांबद्दल बोलताय. माझ्या घरात एकच सातबारा आहे आणि तरी माझी गत नानांसारखीच.

माझे यजमान वारले. जमीन सासऱ्यांच्या नावावर. ते थकलेत, दीर सुरतला. पेरणीपासून गाडी भरेपर्यंत सगळं मी करते. पहाटे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून वेचणीला बाया आणायच्या, रिक्षा मी सांगते, किलोला दहा-बारा रुपये मजुरी मी चुकती करते. ॲपवर ओटीपी सासऱ्यांच्या मोबाइलवर येतो आणि त्यांना तो वाचता येत नाही. पैसे त्यांच्या खात्यात. सासरे देवमाणूस आहेत म्हणून चाललंय. उद्या दिराने वाटणी काढली तर मी शेतकरी होते हे कशावरून दाखवू?

देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या नावावर कसली जाणारी खाती सुमारे १४ टक्के होती. आपल्या शिवारात वाकलेल्या पाठी मोजा आणि सांगा हा आकडा खरा वाटतो का. रकाना वाढवाच भाऊ, पण त्यात घरची बाईसुद्धा बसली पाहिजे. आणि ज्या बाया वेचतात त्यांच्या नावाची कुठलीच वही सरकारकडे नाही, नानांच्या सुनेकडे निदान आहे.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पारावर मी सगळी उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली, रात्री साडेदहापर्यंत कुणी उठलं नाही.

पारोळेकर, तुमच्या सहा एकरांची धास्ती मला समजते आणि दप्तरवाल्या काकांनी सांगितल्यावर ती खरी आहे हेही कळलं. तरी एक विनंती. यंदा आखाजीला बोलणी होतील तेव्हा तुमच्या बटईदार भाऊंना एवढं विचारा, की हमीभावाच्या केंद्रावर तुमच्या नावाने माल गेला तर पैसे कधी आणि कसे मिळतील ही खात्री त्यांना आहे का. तुम्ही त्याच दिवशी पाठवता. सगळे मालक पाठवत नाहीत. कर्ज थकलेलं नसलेलं खातं आधारला जोडून ठेवणं हे कायदा न बदलता तुमच्या हातात आहे.

आमच्यात एकमत झालं नाही, तेही सांगतो. शेतीवाल्या मित्राचं म्हणणं, आधी कायदा, तोवर रकान्याचं नाव काढू नका, नाहीतर मालक बटई बंद करून जमिनी पडीक टाकतील किंवा उक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, एखाद्या मोठ्या ट्रॅक्टरवाल्याला देतील आणि नाना आहे तेही गमावतील. जिनिंगवाला म्हणतो, निदान हमीभावाच्या खरेदीपुरतं तरी मालकाच्या संमतीने रक्कम दोन खात्यांत विभागून द्यावी. त्याला जमिनीच्या हक्काशी काही घेणंदेणं नाही, कारण विक्री कापसाची आहे. जिनिंगमध्ये एकाच गाडीचे पैसे दोघा भावांच्या खात्यात त्याने विभागून टाकलेत. मला त्याचं पटलं. यात मालकाला सही करायला भीती नाही, बँकेला नानांचा हिस्सा अडवता येणार नाही, आणि चोपड्याच्या ताईंचं खातंही दुसरं खातं म्हणून जोडता येईल.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हीच मागणी ठरावात घ्यायची असं ठरलंय. मसुदा भूगोलवाला लिहितोय. काका, मसुद्यावर तुमची नजर फिरली तर बरं होईल, महसुली शब्द चुकायला नकोत. ताई, तुमचा ओटीपीचा मुद्दा त्यात घेतला तर चालेल का? तुमचं नाव-गाव येणार नाही. आणि गुंटूरवाले भाऊ, त्या अकरा महिन्यांच्या कार्डाचा कोरा अर्ज मिळाला तर पाठवा. तेलुगूतला असला तरी चालेल, इथल्या सूतगिरणीत तिकडचा एक माणूस आहे, त्याच्याकडून वाचून घेतो.