शब्दचर्चा: 'इक्विटी'ला मराठीत काय म्हणायचं? समता, समन्याय की आणखी काही?

दगडीपाटी
नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सोबत पीएचडी चालू आहे. एका मराठी शोधपत्रिकेकडं निबंध पाठवला होता, विषय ऊसतोड कामगारांच्या लेकरांचं शिक्षण. शीर्षकात मी 'शालेय शिक्षणातील समन्याय' असं लिहिलं होतं. परीक्षकांचा शेरा आला की समन्याय हा पाणीवाटपातला शब्द आहे, शिक्षणात समता रूढ आहे, बदल करावा. बदल करायला माझी ना नाही पण समता घातली की निबंधातला मुद्दाच हातातून सुटतो असं मला वाटतंय.

मुद्दा असा. दिवाळी झाली की आमच्या शाळेचा पट निम्म्यावर येतो. आईबाप मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन कारखान्याकडं जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि लेकरं त्यांच्यासोबत. मार्च-एप्रिलात परत येतात. आली की त्यांना तेच पुस्तक, तीच परीक्षा, तेवढाच वेळ. म्हणजे सगळ्यांना सारखं हे आम्ही अगदी काटेकोर पाळतो, आणि तिथंच ती पोरं मागं पडतात. माझं म्हणणं आहे की ह्यांना जास्त मिळायला पाहिजे, जास्तीचा वेळ, जास्तीचा शिक्षक, आणि गावातच हंगामी वसतिगृह म्हणजे त्यांना जावंच लागणार नाही. ह्या 'गरजेप्रमाणं जास्त देणं' याला एक शब्द हवाय. इक्विटीच ठेवा असं कृपया सांगू नका, गोषवारा तरी माझ्या शाळेतल्या पालकांना वाचता यावा अशी फार इच्छा आहे. मशीनवर भाषांतर करून बघितलं तर 'शालेय शिक्षणातील समभाग' आलं, ते शेअरबाजारातलं.

भाषाव्रती
सर, अडचण तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' असं आहे, म्हणजे इक्वालिटीला समानता हा शब्द पक्का झाला. मग समता मोकळा राहतो, तो इक्विटीला द्यावा. हिंदीवाल्यांनी हेच केलंय, २०२०च्या शैक्षणिक धोरणाच्या हिंदी प्रतीत 'समतामूलक' आहे. समन्याय हा घडवलेला शब्द आहे, बोलण्यात कुणाच्या तोंडी आहे सांगा.

नीराकाठ
कुणाच्या तोंडी आहे? मराठवाड्यात येऊन विचारा. वरच्या धरणांनी जायकवाडीसाठी पाणी सोडायचं की नाही हा वाद लागला की आमच्याकडं पारावर बसलेला शाळा न शिकलेला म्हातारासुद्धा 'समन्यायी पाणीवाटप' असं स्वच्छ म्हणतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५चा, म्हणजे शब्द कायद्यात येऊन वीस वर्षं झाली, आणि लढ्यात तर तो त्याच्याही आधीपासून होता.

आणि पाण्यातला शब्द म्हणून शिक्षणात नको हे मला अजिबात पटलं नाही. माझं आजोळ पुरंदरातलं. तिथं नायगावला १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली, त्यात पाणी जमिनीवर द्यायचं नाही, माणसावर द्यायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. ज्याच्याकडं जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस लावायचा नाही. असा शब्द शिक्षणात आला तर शिक्षणाचं भलंच होईल.

काळाकोट
नीराकाठदादा, उदाहरण सुंदर आहे पण नीट बघा, माणशी अर्धा एकर म्हणजे दरडोई सारखंच झालं की. ही तर समानता. दगडीपाटी सरांना सारखं नकोय, त्यांना कमीजास्त हवंय.

कायद्याच्या बाजूनं थोडं सांगते. आपल्याकडं इक्विटी शब्द शिक्षणातून आला नाही, कोर्टातून आला. एल्फिन्स्टनच्या काळात, १८२७ साली, मुंबई इलाख्याचे जे नियम झाले त्यात असं होतं की लिखित कायदा नसेल, रूढी नसेल, प्रतिवादीचा कायदाही सापडत नसेल तर न्यायाधीशानं 'जस्टिस, इक्विटी अँड गुड कॉन्शन्स' यावर निकाल द्यावा. म्हणजे जस्टिस वेगळा, इक्विटी वेगळी. नियम जिथं आखडतो तिथं माणूस बघून निवाडा करायचा ती इक्विटी. समन्याय मध्ये तो 'न्याय' आहे म्हणून मला तो बरा वाटतो, पण शीर्षकात 'समन्याय आणि न्याय' असं शेजारी शेजारी आलं तर वाचणारा अडखळणार हेही खरं.

नीराकाठ
ताई, सारखंच पण कशाच्या हिशोबानं सारखं हा प्रश्न आहे ना. जमिनीच्या हिशोबानं वाटलं असतं तर बागाईतदाराला सगळं आणि मजुराला काहीच नाही. मोजायचं माप बदललं हाच तर समन्याय.

सुईदोरा
तुमचं सगळं वाचलं. मी भाषेची अभ्यासक वगैरे नाही पण मला एक शब्द आठवला, पंक्तिप्रपंच. माझी आजी वाढायला उभी राहिली की हा शब्द हमखास यायचा. जावयाच्या पानात तुपाची धार आणि गड्याच्या पानात नुसता भात असं कुणी केलं की म्हणायची, "माझ्या घरात पंक्तिप्रपंच चालायचा नाही." पण हीच आजी नांगरून आलेल्या गड्याला न विचारता दुसरी भाकरी वाढायची आणि आम्ही तोंड वाकडं केलं की "त्याचं पोट बघ आणि तुझं पोट बघ" म्हणायची. म्हणजे सारखं न वाढताही पंक्तिप्रपंच होत नाही! सरांना जे हवंय ते हेच ना? याच्या उलट शब्द काय असेल?

भाषाव्रती
सुईदोराताई, शब्द छान आठवलात. पण 'शालेय शिक्षणातील पंक्तिप्रपंचाचा अभाव' असं शोधनिबंधाचं शीर्षक होत नाही. शिवाय पंक्तीला स्वतःचाच इतिहास आहे, पंगतीत कुणाला बसू द्यायचं आणि कुणाला बाहेर अंगणात हे आधीच ठरलेलं असायचं, वाढपाचा प्रश्न त्यानंतरचा.

सुईदोरा
ते खरं आहे. आमचा गडी पडवीत जेवायचा, पंगतीत नाही. लिहिताना मी ते विसरले, आता आठवलं.

दगडीपाटी
सुईदोराताई, तुम्ही लिहिलेलं वाचून मी दुपारी शाळेत खिचडीच्या वेळी मुद्दाम उभा राहिलो. शालेय पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे, पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. चौथीत एक पोरगं आहे, आई-बाप तोडीवर, ते आजीजवळ राहतं, आजीला दिसत नाही, सकाळी बहुतेक उपाशीच येतं. आमच्या खिचडी करणाऱ्या मावशी त्याच्या ताटलीत ओगराळं खोल बुडवून वाढतात, तळची डाळ येईल असं. इतर पोरांना वरच्यावर. कुणी पोरगं तक्रार करत नाही, पोरांना ठाऊक असतं. आता मावशींना विचारलं की ह्याला काय म्हणता, तर म्हणाल्या, "काय म्हणायचं, त्याला लागतं म्हणून देते."

भाषाव्रती
सर, तुमच्या मापावरून एक सांगायचा मोह आवरत नाही. इयत्ता हा शब्द संस्कृत 'इयत्' पासून आलाय, इयत् म्हणजे एवढं. इयत्ता म्हणजे एवढेपणा, मोजमाप, मर्यादा. ते आपण वर्गाला लावलं. म्हणजे चौथीचं पोर असेल तर त्याची भूक 'एवढी' आणि त्याचं ज्ञान 'एवढं' हे त्या शब्दातच बसलंय.

ग्रंथालयवाली
मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, रोज शोधनिबंध शोधून द्यायचं काम असतं, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहिते, लांबलं तर माफ करा. इंग्रजीत कुणी 'इक्विटी' टाकून शोधलं की जगभरचं काम समोर येतं. मराठीत ह्याच विषयावर कुणी समता लिहितं, कुणी समानता, कुणी समन्याय, न्याय्यता, समदृष्टी, कुणी सामाजिक न्याय. एकाचा निबंध दुसऱ्याला सापडतच नाही. मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, आश्रमशाळांवर काम करणारी, तिला मी 'समता' टाकून शोधून दिलं तेव्हा सगळं घटना आणि चळवळीवरचं आलं, तिला हवं होतं ते 'न्याय्यता' ह्या बीजशब्दाखाली (कीवर्डखाली) होतं आणि ते आम्हा दोघींना तीन आठवड्यांनी योगायोगानं सापडलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं, शीर्षकात एकच शब्द ठेवा पण बीजशब्दांत तिन्ही-चारही द्या. इक्विटी सुद्धा द्या, देवनागरीत.

आणि शब्दाचंच म्हणाल तर जोतीराव फुल्यांनी १८८२ला हंटर आयोगाला निवेदन दिलं त्यात हीच गोष्ट आहे, की सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. ते निवेदन इंग्रजीत होतं. मराठीत असतं तर त्यांनी कुठला शब्द वापरला असता, हे मला नेहमी वाटत राहतं.

नीराकाठ
त्यांनी शब्दाच्या भानगडीत न पडता सरळ हिशोब मांडला असता.

निळीशाई
भाषाव्रतींच्या पहिल्या प्रतिसादावर मला हरकत घ्यायची आहे. 'समता मोकळा राहतो' म्हणजे काय? समता कधीच मोकळा नव्हता. बाबासाहेबांनी १९२८ साली 'समता' नावाचं पाक्षिक काढलं, समता सैनिक दल आहे, आमच्या घरात माझ्या आत्याचं नाव समता आहे. ह्या शब्दात माणूस म्हणून बरोबरीनं उभं राहणं आहे. गरजेप्रमाणं जास्तीची तासिका देणं ही त्यातली एक पायरी झाली, आख्खी समता नव्हे. एका परिभाषेच्या सोयीसाठी एवढ्या मोठ्या शब्दाला धोरणातला एक रकाना करू नका.

भाषाव्रती
निळीशाई, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण शब्द कोशात आला, अभ्यासात आला की त्याला नेमका अर्थ द्यावाच लागतो, नाहीतर परिभाषा तयार होणार कशी?

निळीशाई
भावना नाही हो, अर्थच सांगतेय मी. आणि अर्थाचंच बोलायचं तर 'वंचित' घ्या. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्क्यांच्या प्रवेशाच्या प्रत्येक जाहिरातीत 'वंचित व दुर्बल घटक' असतं. आपण वाचतो 'ज्यांना मिळालं नाही ते'. पण वंच् म्हणजे फसवणं, वंचना म्हणजे फसवणूक, वंचित म्हणजे ज्याला फसवलं तो. कुणी फसवलं हे विचारायला भाग पाडणारा शब्द होता तो, आपण त्याला गरीब-बिचारा करून टाकला. समतेचंही तसंच होईल.

दगडीपाटी
हे मला माहीत नव्हतं, खरंच. निबंधात मी 'वंचित' शब्द पानोपानी वापरलाय, आता तो भाग परत वाचावा लागेल. आणि 'गळती' सुद्धा खुपायला लागलंय. गळती म्हणजे नळ आपोआप ठिबकतो तसं. पोरगं आपोआप गळत नाही, बाप उचल घेतो त्या दिवशीच त्याचं वर्ष ठरतं.

एडिसनकर
न्यू जर्सीहून लिहितोय, इथल्या सरकारी शाळेत शिकवतो. इक्विटी शब्द इथं आता भांडणाचा झालाय, उच्चारला की लोक दोन बाजूंना बसतात, त्यामुळं मराठीत तो जसाच्या तसा उचलू नका ह्या मताला माझा पाठिंबा. तुमच्याकडं प्रशिक्षणात ते चित्र दाखवतात का, कुंपणाबाहेर तीन मुलं, एक उंच, एक मधला, एक बुटका, आणि पायाखाली ठोकळे? मला त्या चित्राचा त्रास होतो कारण त्यात मूलच बुटकं दाखवलंय. दगडीपाटी सरांचं पोर बुटकं नाहीये, त्याच्या पायाखालची जमीन खोल आहे.

दगडीपाटी
दाखवतात, प्रत्येक प्रशिक्षणात दाखवतात. तुमचं वाक्य मला फार लागलं.

काळाकोट
मग 'न्याय्य वाटा' कसं वाटतं? 'शालेय शिक्षणातील न्याय्य वाटा'. पालकांना कळेल, आणि वाटा शब्दात हक्क आहे, उपकार नाही. भावाभावांच्या वाटणीच्या दाव्यात माझे अशील हाच शब्द वापरतात, "माझा वाटा मला मिळाला पाहिजे."

भाषाव्रती
वाटा म्हणजे असलेलं वाटून घेणं. शिक्षण वाटल्यानं कमी होत नाही. शब्द सोपा आहे म्हणून बरोबर ठरत नाही.

नीराकाठ
शिक्षक कमी होतात ना पण! एक शिक्षक इकडं दिला की तिकडं कमी. वाटा बरोबर आहे. तरी माझं मत समन्यायलाच.

ग्रंथालयवाली
एक बाजूची गोष्ट, सरांनी 'गोषवारा' लिहिलं ते वाचून बरं वाटलं. हल्ली सगळे सारांश लिहितात. गोषवारा फारसीतून आलाय, जमाखर्चाच्या एकूण आकड्यांना म्हणायचे, आणि मूळ शब्दाचा दुसरा अर्थ कानातला दागिना.

भाषाव्रती
सारांश हा आपला शब्द असताना फारसी कशाला?

निळीशाई
चारशे वर्षं वापरतोय, आता आपला कधी होणार तो?

दगडीपाटी
मंडळी, सुधारित प्रत शुक्रवारी पाठवायची आहे. सध्या मी शीर्षकात समन्याय कायम ठेवून परीक्षकांना उत्तर लिहितोय, पाणी पंचायतीचं उदाहरण नीराकाठदादांच्या परवानगीनं घेतो. बीजशब्दांत ग्रंथालयवाली ताईंनी सांगितलेले सगळे. पण निळीशाई ताईंचा मुद्दा डोक्यातून जात नाहीये, 'समतेसाठी समन्याय' असं केलं तर? कुणी सांगेल का?

सुईदोरा
सर, शीर्षकाचं जाणकार सांगतीलच, मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही खिचडी ओगराळ्यानं वाढतात लिहिलंत. आमच्याकडं ओगराळं म्हणजे वरण-आमटीचं, उभ्या दांड्याचं, वाटीसारखं. खिचडीला डाव. तुमच्याकडं खिचडी पातळ असते का?

दगडीपाटी
पातळच असते हो. पण आमच्याकडं डाव म्हणजे भात काढायचा, चपटा. खोलगट असलं की ओगराळंच.

नीराकाठ
आजोळी त्याला पळी म्हणायचे.

सुईदोरा
पळी फोडणीची! लहान असते ती. सासरी कोकणात नारळाच्या करवंटीला दांडा लावलेला डवला होता, आमटी त्यानंच वाढायची. मोल्सवर्थच्या शब्दकोशात ओगराळं काय दिलंय ते कुणी बघेल का?